बांधावरील बोरीची पारख

पोटखराब्याची नोंद करितांना दप्तरांत ‘काटेरी झुडपें’ एवढे दोन शब्द पुरतात. शेतकऱ्यास मात्र ते पुरत नाहींत. सन २०१२-१३ च्या अवर्षणांत जालना जिल्ह्यांतील अनेक मोसंबीच्या बागा वाळल्या, हें वाचकांस स्मरत असेलच. अशा भूमींत बोरीसारखें सोशिक फळझाड क्वचितच सांपडेल. आपोआप उगवलेल्या बोरीवर उमराण अथवा कडाका जातीचा डोळा बांधितां येतो. परंतु खुंट ओळखण्यांत चूक झाल्यास श्रम व्यर्थ जातात. म्हणून आम्ही पारखीच्या खुणा येथें देत आहों.

खरी बोर : पान वरून हिरवें तुकतुकीत, खालून पांढुरक्या लवेनें भरलेलें. देठापासून तीन ठळक शिरा निघतात. काटे बहुधा जोडीनें. एक सरळ, दुसरा आंकडीसारखा.

भुईबोर : काटे असेच असतात, म्हणून केवळ काट्यांवर भिस्त ठेवूं नये. झुडुप ठेंगणें, पान लहान, वाटोळसर व दोन्ही अंगांनीं लवदार. तें मुळांवाटे पसरतें. वाळलेला पाला शेळ्या आवडीनें खातात. तेव्हां तें चाऱ्यास व कुंपणास राखावें.

येरुणी : दुसऱ्या झाडावर वेलीसारखी चढते. काटा बहुधा एकेरी व वांकडा. पानाचा बुडखा एका अंगास कललेला. पिकलें फळ काळें चकचकीत.

घोटबोर : फळ लांकडासारखें कठीण, तेवढ्यानेंच ओळख पटते.

घाणेरी : ही बोर नव्हे, तरी काटे व काळीं फळें पाहून फसगत होते. खोड चौकोनी, पानें समोरासमोर व खरखरीत, चुरडल्यास उग्र वास. बोरीचीं पानें एकाआड एक असतात. घाणेरीचा पाला खाल्ल्यानें गुरांचें यकृत बिघडून कावीळ होते, उन्हानें कातडी सोलवटते, प्रसंगीं जनावर दगावतें. ती समूळ खणून काढावी.

ही पारख पौष-माघांत करावी. त्या वेळीं पान व फळ दोन्ही पाहावयास मिळतात. उन्हाळ्यांत पानें गळून काटेच उरतात. निवडलेल्या झाडास चुन्याची खूण करावी, चैत्र-वैशाखांत बुंधा छाटावा, व जोमदार नव्या कोंबावर पावसाळ्याच्या तोंडीं डोळा बांधावा. डोळ्याखालील धुमारे वेळोवेळीं खुडावे. नाहीं तर रानबोरच माजते आणि कलम मरतें. खुंटाचें मूळ आधींच खोल गेलेलें असल्यामुळें अशा झाडास नव्या रोपाइतकें पाणी घालावें लागत नाहीं, हा लाभ आमच्या कोरडवाहू बांधवांनीं अवश्य घ्यावा.