संशोधनलेखाची संदर्भसूची : बुलढाणा जिल्ह्यांतील साधनांवरून कांहीं नियम

संदर्भसूची म्हणजे लेखकानें किती ग्रंथ चाळले याची यादी नव्हे. ज्या प्रतीच्या ज्या पानावरून विधान केलें, तेथपर्यंत वाचकास नेऊन पोंचविणारा तो पत्ता होय. महाविद्यालयांत निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांस बहुधा अमेरिकेंतील मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची अथवा शिकागो विद्यापीठाची पद्धति नेमून देतात. या पद्धति मुख्यतः छापील ग्रंथ डोळ्यांपुढें ठेवून रचिलेल्या असल्यामुळें पोथी व दप्तर यांस त्या जशाच्या तशा लागू पडत नाहींत. यास्तव बुलढाणा जिल्ह्याच्या इतिहासाचीं कांहीं साधनें उदाहरणादाखल घेऊन नोंद कशी करावी याचा विचार येथें केला आहे.

प्रथम छापील ग्रंथ घेऊं. 'बुलढाणा ग्याझेटियर' एवढीच नोंद पुष्कळ निबंधांत आढळते. परंतु लायलनें संपादिलेलें सबंध वऱ्हाडाचें ग्याझेटियर १८७० चें, नेल्सनचें जिल्ह्यापुरतें १९१० चें व महाराष्ट्र शासनाचें १९७६ चें. यांपैकीं कोणतें हें वाचकानें कसें ओळखावें ? शिवाय १९०३ त वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांतास जोडला गेल्यामुळें नेल्सनचा ग्रंथ मध्यप्रांताच्या मालेंत निघाला. ग्रंथालयाच्या सूचींत तो त्या नांवाखालींच शोधावा लागतो. म्हणून नोंद अशी असावी : नेल्सन, ए. ई. (संपा.), बुलढाणा डिस्ट्रिक्ट, सेंट्रल प्रॉव्हिन्सेस डिस्ट्रिक्ट ग्याझेटियर्स, कलकत्ता, १९१०. ग्रंथ संगणकावरील छायाप्रतींत पाहिला असल्यास तसें नमूद करावें. मात्र पृष्ठांक छापील पानावरचाच द्यावा, कारण छायाचित्रांचा अनुक्रम व पृष्ठांक सहसा जुळत नाहींत.

दुसरें उदाहरण लीळाचरित्राचें. चक्रधरस्वामींच्या लोणार व मेहकर येथील वास्तव्यासंबंधींच्या लीळा जिल्ह्याच्या इतिहासास अत्यंत उपयुक्त आहेत. पण नेने, तुळपुळे व कोलते यांच्या आवृत्तींत पाठ व लीळांचे अनुक्रमांक सर्वत्र एक नाहींत. ('लीळाचरित्रा'ची १९७८ ची आवृत्ति सिद्ध करणारे डॉ. वि. भि. कोलते हे याच जिल्ह्यांतील नरवेलचे.) तेव्हां केवळ 'लीळाचरित्र, लीळा अमुक' असें लिहिणें व्यर्थ होय. संपादक, आवृत्तीचें वर्ष, एकांक, पूर्वार्ध कीं उत्तरार्ध, आणि मग लीळेचा अंक, असा क्रम ठेवावा.

हस्तलिखितांची नोंद याहून नाजूक असते. पोथीच्या शेवटीं असलेली पुष्पिका प्रथम नीट वाचावी. तेथें 'लेखक' या शब्दाचा अर्थ बहुधा नकलकार असा असतो. त्यासच ग्रंथकर्ता समजून सूचींत घातल्यास एका मनुष्याचें कर्तृत्व दुसऱ्याच्या पदरीं पडतें. त्याचप्रमाणें ग्रंथरचनेचा काल व नकलेचा काल निरनिराळे लिहावे. पोथीस पृष्ठें नसून पत्रें असतात. म्हणून 'पत्र १४ अ' किंवा '१४ ब' अशा रीतीनें बाजूही दाखवावी. लिपि, एकंदर पत्रसंख्या, पोथी पूर्ण कीं खंडित, संग्रहाचें नांव व क्रमांक, आणि पोथी पाहिल्याची तारीख, हीं अंगें नोंदींत असलींच पाहिजेत. महानुभावांच्या पोथ्यांत सकळ इत्यादि सांकेतिक लिप्या असल्यानें, मूळ वाचलें कीं कोणी केलेलें देवनागरी लिप्यंतर वाचलें, हें सांगणेंही अवश्य आहे.

कालनिर्देशांत मूळचा सन आधीं जसाचा तसा द्यावा व इसवी सन चौकटी कंसांत घालावा. सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांचा दौलताबादेस वध झाला तो शके १५५१ च्या श्रावणांत. येथें ७८ मिळविले कीं १६२९ येतात. परंतु जिजाबाईंचा जन्म शके १५१९ च्या पौषी पौर्णिमेचा मानितात. तेथें ७८ मिळविल्यास १५९७ येऊन वर्ष चुकतें, कारण ही पौर्णिमा पुढील जानेवारींत पडते. रूढ तारीख १२ जानेवारी १५९८ ही जुन्या ज्यूलियन गणनेची असून नव्या गणनेनें ती २२ जानेवारी होते. वऱ्हाडांतील महसुली कागदांवर फसली सन येतो. फसली १३०० म्हणजे इ. स. १८९०-९१. मूळ सन सूचींत राहिला, तर रूपांतरांतील चूक पुढच्या अभ्यासकास दुरुस्त करितां येते. तो गाळला, तर चूकच प्रमाण होऊन बसते.

सूचीची मांडणी अप्रकाशित साधनें, प्रकाशित साधनें व अर्वाचीन ग्रंथ अशा तीन विभागांत करावी व प्रत्येक विभाग अकारविल्हे लावावा. अर्वाचीन लेखक आडनांवाखालीं व प्राचीन ग्रंथकार मूळ नांवाखालीं, म्हणजे म्हाइंभट 'म' मध्यें, घालावे. 'क्ष' संस्कृत कोशांप्रमाणें 'क' मध्यें धरला कीं वर्णमालेच्या अखेरीस, हें आरंभींच सांगून शेवटपर्यंत पाळावें.

आतां संग्राहकांस एक विनंति. विद्यार्थी 'खाजगी संग्रह' एवढेंच लिहितो, याचें कारण पुष्कळदां संग्रहांत क्रमांकच नसतो. घराची वांटणी झाली, पेटी दुसऱ्या भावाकडे गेली, कीं त्या निबंधांतील सर्व विधानें निराधार होतात, आणि पुढें पोथी नष्ट झाली तर ती कोठें होती हेंही कोणास कळत नाहीं. प्रत्येक पोथीच्या वेष्टनावर क्रमांक घालून त्यांची एक यादी दप्तरापासून निराळी ठेवावी, व कागद दाखवितांना तो क्रमांक अभ्यासकास लिहून द्यावा. एका सायंकाळच्या या श्रमानें दहा निबंधांच्या सूची खऱ्या होतील, व कागद उद्यां हरवलाच, तर त्याचा माग काढण्यास निदान एक दुवा राहील.