धावण्याआधीची पाच मिनिटं

वर्ध्यात मे महिन्यात धावायचं तर पहाटे पाचच्या आत. पारा 45 अंशांपलीकडे गेला की रात्री उशिरापर्यंत भिंती तापलेल्याच असतात. मुलं गच्चीवर कूस बदलत पडून राहतात आणि उजाडायच्या आत सेवाग्राम रस्त्याला लागतात. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पोलीस भरती असते: मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. काही जण अर्धमॅरेथॉनवाले.

अशाच एका अर्धमॅरेथॉन धावणाऱ्या तरुणाची सकाळ मी शेजारी बसून पाहिली. उठून लघवीला जाऊन आला की तो ठोके टिपणाऱ्या छातीच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूवर पाण्याचा हात फिरवतो. पट्टा कोरडा असला तर ठोके सुटतात. मग तो छातीवर घट्ट बांधून खाटेवर उताणा पडतो. चहा नाही, बोलणं नाही, मेसेज बघणं नाही. पहिलं मिनिट सोडायचं, पुढची पाच मोजायची. नाडी मिनिटाला 58, पण पडद्यावर दोन ठोक्यांमधली अंतरं मिलिसेकंदांत सरकतात ती अशी: 1010, 1085, 1060, 990. श्वास आत घेतला की अंतर आखडतं, सोडला की लांबतं. हा चढउतार मुख्यतः व्हेगस या मज्जातंतूच्या हातात असतो. हृदयाला विसाव्यात ठेवणारा लगाम तोच. जागरण, ताप, चिंता किंवा आदल्या दिवशीचा जबर सराव यांनी तो लगाम सैल झाला की अंतरं एकसारखी होत जातात. लगतच्या अंतरांमधल्या फरकांचे वर्ग करायचे, सरासरी काढायची, तिचं वर्गमूळ घ्यायचं. येणाऱ्या आकड्याला आरएमएसएसडी म्हणतात. अल्पकालीन मोजणीला पाच मिनिटं हे प्रमाण युरोप-अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या गटाने 1996 मध्ये घालून दिलं.

त्या दिवशी आकडा त्याच्या नेहमीच्या मर्यादेच्या बराच खाली होता. "आज पाय उचलूनच नाही राहिले, भाऊ," असं तो आदल्या संध्याकाळी म्हणालाच होता. वहीत त्या दिवसासाठी वेगाचे राउंड लिहिलेले होते. ते खोडून त्याने हलकं जॉगिंग केलं. मला हे फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे विश्रांती म्हणजे आळस हेच मुलांच्या डोक्यात बसलेलं, आणि कोणी थांब म्हटलं तर ते ऐकायला तयार नसतात. स्वतःच्याच छातीतून आलेला आकडा मात्र ऐकतात.

अर्थात, एका सकाळच्या आकड्यावर निकाल द्यायचा नसतो. सात दिवसांची सरासरी बघायची, तीही स्वतःचीच. मित्राचा 90 आणि आपला 50 यावरून कोण तंदुरुस्त हे ठरत नाही. एखादा ठोका अवेळी पडला तरी आकडा खोटाच फुगतो, म्हणून आलेखावर नजर टाकायलाच हवी. कधी कधी अतिसरावाने दमलेल्या खेळाडूचा आकडा उलट वरही जातो. म्हणून झोप कशी झाली, पाय कसे आहेत, हे शेजारी लिहिल्याशिवाय नुसत्या आकड्याला अर्थ नाही.

फिनलंडमध्ये किविनिएमी आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये धावणाऱ्यांचे गट करून अशा आकड्यावरून सराव ठरवण्याचा उपयोग होतो का, हे तपासलं. एका गटाला ठरलेलं वेळापत्रक दिलं. दुसऱ्याने जोराचा सराव करायचा की हलका, हे रोज सकाळच्या मोजणीवरून ठरवलं. चार आठवड्यांनी धावण्याच्या कमाल वेगात दुसऱ्या गटाची वाढ जास्त निघाली.

आपल्या जिल्ह्यात हे ज्ञान परकं नाही. सेवाग्रामला 1969 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, सावंगीलाही आहे. मिनिटाला सहा श्वास घ्यायला लावून ठोक्यांतला फरक मोजण्याची चाचणी शरीरक्रियाशास्त्रात नवी नाही. या महाविद्यालयांतल्या शरीरक्रियाशास्त्र विभागांनी आठवड्यातून एक सकाळ भरतीच्या मुलामुलींसाठी खुली ठेवावी. पट्टा परवडत नसेल त्यांनी अंथरुणातच मनगटावर बोटं ठेवून मिनिटभर नाडी मोजावी. ठोक्यांमधलं अंतर त्यात कळत नाही, पण नाडी काही दिवस नेहमीपेक्षा चढी राहिली तर तोही इशाराच. आणि प्रशिक्षकांनी हजेरीच्या वहीत, राउंडच्या वेळेशेजारी, सकाळच्या नाडीचा एक रकाना आखावा.