देहूरोड : दीक्षेच्या आधी उभा राहिलेला विहार

नागपूरची दीक्षाभूमी आणि दादरची चैत्यभूमी आपल्या समाजातल्या लहान मुलालाही माहीत आहे. देहूरोडची धम्मभूमी मात्र अनेक तरुणांना समजावून सांगावी लागते. कसबा बावड्यातून ६ डिसेंबरला मुंबईला जाताना आपण पुण्याजवळच्या कात्रज-देहूरोड बाह्यवळणाने जातो. रस्त्याच्या नावात देहूरोड आहे, तरी आपण तिथे क्वचितच थांबतो.

डिसेंबर १९५४ मध्ये प्रकृती ठीक नसतानाही बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले. परतल्यावर २५ डिसेंबरला त्यांनी देहूरोडच्या विहारात ब्रह्मदेशातून आणलेली बुद्धमूर्ती बसवली. महाडला मनुस्मृतीचे दहन झाले तीही तारीख २५ डिसेंबरच, साल १९२७. देहूरोडच्या भाषणात, सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत आपण बुद्धाच्या धम्मावर ग्रंथ लिहीत आहोत, असे बाबासाहेबांनी सांगितले.

पुढचा क्रम पाहा. ४ मे १९५५ रोजी भारतीय बौद्ध महासभा, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा आणि महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ. म्हणजे विहार, संघटना, दीक्षा आणि ग्रंथ. आधी जमिनीवर काम आणि मग लाखोंची दीक्षा, असा हा प्रवास आहे. १९५० मध्ये महाबोधी सोसायटीच्या मासिकातील लेखातही त्यांनी धम्मप्रसारासाठी एक ग्रंथ, समाजसेवा करणारा भिक्खूसंघ आणि प्रचारकार्य यांची गरज मांडली होती.

आता आपल्या वस्तीतला विहार आठवा. जयंतीला रोषणाई, पौर्णिमेला वंदना आणि एरवी दाराला कुलूप. किल्ली कोणाकडे राहणार यावरून कमिटीत दोन गट. हे चित्र आम्ही काम करताना अनेक ठिकाणी पाहिले आहे. शाहू महाराजांचा जन्म याच बावड्यातला. त्यांनी कोल्हापुरात वसतिगृहे काढली, म्हणून खेड्यापाड्यातली मुले शिकली. वास्तूचे मोल तिच्या वापरात असते.

म्हणून तरुणांनी एवढे तरी करावे. आठवड्यातला एक वार आणि वेळ ठरवून विहार उघडावा. वंदनेनंतर त्या ग्रंथाची चार पाने वाचून चर्चा करावी. रोज संध्याकाळी तिथे मुलांची अभ्यासिका चालवावी. आणि येत्या ६ डिसेंबरला जाता-येता देहूरोडला गाडी थांबवावी.

जय भीम! नमो बुद्धाय!