दहा आकडे आणि मधला जोडतुकडा

चाळीसगाव जंक्शनवर उभं राहून आपण मोबाईलवर दहा आकडी पीएनआर टाकतो आणि वेटिंग सुटलं का, डबा कोणता, हे लगेच कळतं. नाव नको, तारीख नको. एक नंबर दिला की त्याखालची नोंद हजर. माहिती साठवण्याच्या या पद्धतीला की-व्हॅल्यू म्हणतात: नंबर ही किल्ली, नोंद हे मूल्य. एप्रिल २०१४मध्ये आयआरसीटीसीची नवी ई-तिकीट यंत्रणा आली, तेव्हा मिनिटाला २,००० तिकिटांची क्षमता ७,२०० झाली. रेल्वेच्याच ‘क्रिस’ संस्थेनं बांधलेल्या त्या यंत्रणेत जेमफायर हा याच जातीचा, मेमरीत चालणारा डेटाबेस वापरला होता.

प्रोग्रामरला मात्र किल्ल्यांशी थेट झटायचं नसतं. ‘हे तिकीट साठव’, ‘ते तिकीट दे’ एवढंच तो डेटा ॲक्सेस लेयरला सांगतो. खाली कोणता डेटाबेस आहे, याच्याशी त्या लेयरलाही घेणंदेणं नसतं. ते सांभाळतो मधला ॲडॉप्टर.

तो किती छोटा असू शकतो, हे रेडिसवर छान दिसतं. साल्वातोरे सानफिलिप्पो या इटालियन प्रोग्रामरनं हा डेटाबेस २००९मध्ये आणला. नवं तिकीट आलं की ॲडॉप्टर ‘इन्कर’ हुकमानं पुढचा क्रमांक घेतो, समजा ४२. मग ‘तिकीट:४२’ या किल्लीखाली ‘एचसेट’नं नाव, गाडी, बर्थ लिहितो. वाचायला ‘एचगेटऑल’, पुसायला ‘डेल’. मूळ काम एवढंच.

खरी कसोटी पुढं आहे. ‘चाळीसगावहून चढणारे सगळे प्रवासी दे.’ या प्रश्नात किल्लीच नाही! एकतर सगळ्या नोंदी उपसून गाळायच्या, नाहीतर ‘स्टेशन:सीएसएन’ (सीएसएन हा चाळीसगावचा कोड) अशी वेगळी यादी आधीपासून राखायची. ती राखणं सोपं नाही. प्रवाशानं बोर्डिंग बदलून जळगाव केलं, तर तिकिटाची नोंद बदलायची, ४२ हा क्रमांक चाळीसगावच्या यादीतून काढायचा आणि जळगावच्या यादीत घालायचा. मधेच प्रोग्राम बंद पडला तर प्रवासी दोन्ही याद्यांत दिसेल किंवा एकाही यादीत नसेल. म्हणून हे हुकूम ‘मल्टी’ आणि ‘एक्झेक’ यांच्यामध्ये बांधून एकदम पाठवायचे.

छोट्या ॲडॉप्टरनं हे सगळं अंगावर घ्यावं, असं मला वाटत नाही. जे जमत नाही, त्याला त्यानं स्वच्छ नकार द्यावा. गुपचूप सगळ्या नोंदी उपसणारा ॲडॉप्टर वीस तिकिटांच्या चाचणीत झकास चालतो आणि लाखावर गेला की धापा टाकतो. तोवर त्याच्या भरवशावर बरंच काही उभं राहिलेलं असतं.

शिकणाऱ्यांनी असे दोन ॲडॉप्टर जरूर लिहून पाहावेत: एक रेडिससाठी, दुसरा प्रोग्रामच्या मेमरीतल्या साध्या तक्त्यासाठी. चाचण्या दोघांना त्याच लावायच्या. त्यांत एक चाचणी नकाराचीही हवी: किल्लीविना प्रश्न आला की दोघांनीही तीच एरर द्यायची.