परिसर अभ्यास आणि वस्तीतले मूल

प्राथमिक शाळेत मुलाला समाज शिकवला जातो, तो परिसर अभ्यासाच्या नावाने. घर, गाव, जिल्हा, राज्य, देश असा हा क्रम. जवळून दूर जावे हे तत्त्व योग्यच आहे. पण जवळ म्हणजे कुणाच्या जवळ, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. पाठातल्या गावात देऊळ, चावडी, पार असतो. 'मदतनीस' म्हणून कुंभार, सुतार, चांभार, सफाई कामगार ओळीने उभे असतात. ते काम त्यांच्याच वाट्याला का आले, याबाबत पाठ बहुधा मुका असतो.

सहा वर्षांचे मूल मात्र कोरी पाटी घेऊन शाळेत येत नाही. कोणत्या ओट्यावर बसायचे, कुणाच्या घरात आतपर्यंत जायचे, हे ते आधीच शिकलेले असते. हे ज्ञान वर्गाबाहेर ठेवले, तर वस्तीतल्या मुलाला एवढेच कळते की पुस्तकातले गाव आपले नाही. सवर्ण मुलालाही चुकीचाच धडा मिळतो : जे आहे ते नैसर्गिकच आहे.

मग शिक्षकाने काय करावे? प्रारंभ नकाशापासून करावा. सगळ्या वर्गाने मिळून जमिनीवर खडूने गाव काढावे. घरे, रस्ते, नळ, विहिरी, दिवे, स्मशान. नंतर विचारावे : पाणी कुठून येते? रस्ता कुठे संपतो? पावसाळ्यात चिखल कुठे होतो? नकाशाच उत्तर देतो. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. तेव्हा नकाशावर नवे नाव लिहावे आणि नाव का बदलले, तेही सांगावे. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. कोणत्याही एका मुलाला उभे करून त्याच्या जातीविषयी, घरच्या धंद्याविषयी विचारू नये. प्रश्न गावाला विचारायचा असतो, मुलाला नव्हे.

दुसरी अडचण काळाची. आठ वर्षांच्या मुलाला 'शंभर वर्षांपूर्वी' म्हणजे काय, हे उमगत नाही. त्यासाठी एक दोरी घ्यावी. बोटाच्या रुंदीइतके अंतर म्हणजे एक वर्ष. आठ बोटांवर मुलाच्या वयाची गाठ, साठ-पासष्ट बोटांवर आजीची, आणि शंभराच्या आसपास महाडची. आजीच्या आईने तो काळ पाहिला असेल, एवढे समजले की इतिहास घरात येतो.

महाडची हकीकत लहान मुलांना उत्तम समजते, कारण तहान सर्वांना कळते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही कुणाला पाणी घेता आले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर त्या माणसांवर हल्ले झाले, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, खटला चालला. उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो १९३७ साली. वर्गाला एवढेच विचारावे : तळे तर १९२४ सालीच खुले झाले होते, मग इतकी वर्षे का लागली? कागदावरचा ठराव आणि ओंजळीतले पाणी यांतले अंतर मुले स्वतः शोधतात. नागरिकशास्त्राचा, संविधानाच्या सतराव्या कलमाचा पाया इथेच पडतो.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून आलेले असावेत, असे मांडले होते. मुलांचे जगणे ठाऊक असलेला शिक्षक त्यांना हवा होता. आज तो वस्तीतलाच असेल असे नाही. परंतु वस्तीत जाऊन, नळावर किती वेळ रांग लागते हे पाहून मग वर्गात खडू हाती घेणे कोणत्याही शिक्षकाला शक्य आहे. त्यासाठी नव्या पाठ्यपुस्तकाची वाट पाहण्याचे कारण नाही.