थरारपट

थरारपट : प्रेक्षकाच्या मनात भय, उत्कंठा व अनिश्चितता जागवून ती अखेरपर्यंत ताणून धरणारा चित्रपटप्रकार. ‘थ्रिलर’ या इंग्रजी संज्ञेचा हा मराठी पर्याय होय. रहस्यपट, गुन्हेगारीपट, हेरपट व भयपट यांच्याशी त्याचे निकटचे नाते असून त्यांमधील सीमारेषा पुष्कळदा पुसट असतात. तथापि स्थूलमानाने असे म्हणता येईल, की रहस्यपटात घडून गेलेल्या गुन्ह्याचा उलगडा महत्त्वाचा असतो, तर थरारपटात ओढवू पाहणाऱ्या संकटाची चाहूल महत्त्वाची असते. भयपटातील धोका बहुधा अतिमानवी असतो. थरारपटातील धोका माणसाकडून, त्याने उभारलेल्या संस्थांकडून किंवा क्वचित निसर्गाकडून येतो. शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासात या प्रकाराची बाह्य रूपे अनेकदा पालटली. या सर्व स्थित्यंतरांच्या मुळाशी दोन प्रश्न दिसतात : धोका कोठून येतो आणि प्रेक्षकाला त्याविषयी किती माहिती दिली जाते. प्रत्येक कालखंडाने या प्रश्नांची उत्तरे आपापल्या भयांनुसार दिली.

थराराचे तंत्र : या प्रकाराचा सर्वश्रेष्ठ दिग्दर्शक ॲल्फ्रेड हिचकॉक (१८९९–१९८०) याने फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्र्युफो याच्याशी १९६२ मध्ये केलेल्या प्रदीर्घ संभाषणात विस्मय व उत्कंठा यांतील फरक एका उदाहरणाने स्पष्ट केला आहे. काही माणसे मेजाभोवती बसून किरकोळ गप्पा मारीत आहेत आणि एकाएकी मेजाखाली बाँबचा स्फोट होतो. यातून प्रेक्षकाला काही क्षणांचा धक्का मिळतो. परंतु बाँब ठेवला जात असताना तो प्रेक्षकाने पाहिला असेल आणि स्फोटाची वेळही त्याला ठाऊक असेल, तर त्याच गप्पा असह्य होतात. पात्रांना सावध करावे असे प्रेक्षकाला वाटू लागते. म्हणजे उत्कंठा ही अज्ञानातून नव्हे, तर ज्ञानातून जन्मते. हे तत्त्व वापरतानाची मर्यादाही हिचकॉकने अनुभवाने जाणली होती. ‘सॅबोटाज’ (१९३६) या चित्रपटात एक लहान मुलगा नकळत बाँब घेऊन बसने प्रवास करतो आणि स्फोटात मरण पावतो. प्रेक्षकांना हे रुचले नाही व ती आपली चूक होती, असे हिचकॉकने पुढे मान्य केले. ताणलेली उत्कंठा कोठे तरी सैल व्हावी, ही प्रेक्षकाची अपेक्षा त्याने तेथे मोडली होती.

मूकपटांचा काळ : एडविन एस्. पोर्टर याच्या ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ (१९०३) या सु. बारा मिनिटांच्या चित्रपटात दरोडा, पाठलाग व चकमक हे थरारपटाचे घटक एकत्र आले. डी. डब्ल्यू. ग्रिफिथ (१८७५–१९४८) याने समांतर संकलनाचे तंत्र विकसित करून त्यांना लय दिली. त्याच्या ‘द लोनली व्हिला’ (१९०९) मध्ये घरात कोंडलेली आई व मुली, दार फोडणारे चोर आणि दूरध्वनीवरून हे कळल्याने धावत सुटलेला पिता यांची दृश्ये आलटूनपालटून येतात व ती अधिकाधिक त्रोटक होत जातात. ज्या फ्रेंच नाटकाशी या कथेचे नाते आहे, त्यात पित्याला दूरध्वनीवर कुटुंबाची हत्या केवळ ऐकावी लागते. ग्रिफिथने मात्र अखेरच्या क्षणी सुटका घडवून आणली व हा शेवट पुढे रूढ झाला. लोइस वेबर (१८७९–१९३९) हिने फिलिप्स स्मॉली याच्यासमवेत दिग्दर्शित केलेल्या ‘सस्पेन्स’ (१९१३) मध्ये पडदा त्रिकोणी भागांत विभागून घुसखोर, पत्नी व पती एकाच वेळी दाखविले आहेत.

फ्रान्समध्ये लुई फयाद (१८७३–१९२५) याने ‘फाँतोमास’ (१९१३-१४) व ‘ले व्हाँपीर’ (१९१५-१६) या मालिकापटांतून वेषांतरपटू गुन्हेगार व त्यांच्या गुप्त टोळ्या रंगविल्या. पॅरिसच्या नेहमीच्या रस्त्यांवर व गच्च्यांवर चित्रित केल्यामुळे या अद्‌भुत कथांना वास्तवाचा भास प्राप्त झाला. जर्मनीत पहिल्या महायुद्धानंतरच्या अस्थिर वातावरणात अभिव्यक्तिवादी शैलीचे चित्रपट निर्माण झाले. फ्रिट्स लांग (१८९०–१९७६) याच्या ‘डॉक्टर माबूझे’ (१९२२) मधील खलनायक संमोहन, जुगार व शेअरबाजार यांच्या साहाय्याने समाजाला वेठीस धरतो.

ध्वनीचे आगमन : बोलपटामुळे थरारपटाला नवे साधन मिळाले. लांगच्या ‘एम्’ (१९३१) मध्ये बालकांचा खुनी आरंभी जवळजवळ दिसतच नाही. ऐकू येते ती त्याची शीळ. बळी पडलेल्या मुलीचा घरंगळत आलेला चेंडू व विजेच्या तारांत अडकलेला फुगा एवढ्यावरूनच गुन्हा सूचित होतो, आणि खुनी ओळखला जातो तो आंधळ्या फुगेवाल्याला त्या शिळेमुळे. अखेरीस गुन्हेगारांच्याच न्यायसभेसमोर तो आपण स्वतःच्या विकृतीपुढे असहाय असल्याचे सांगतो, तेव्हा प्रेक्षकाला त्याचा केवळ तिरस्कार करता येत नाही. धोका माणसाच्या मनात असतो, ही जाणीव येथे प्रथमच इतक्या स्पष्टपणे प्रकटली. लांगचा माबूझेविषयीचा पुढील चित्रपट १९३३ मध्ये नाझी राजवटीने बंदी घालून रोखला व त्याच वर्षी त्याने जर्मनी सोडली.

इंग्लंडमध्ये हिचकॉकने मूकपट म्हणून सुरू केलेला ‘ब्लॅकमेल’ (१९२९) बोलपटात रूपांतरित केला. स्वसंरक्षणार्थ हातून हत्या घडलेल्या नायिकेला शेजारणीच्या बडबडीतील ‘सुरी’ एवढा एकच शब्द स्पष्ट ऐकू येतो; बाकीचे बोलणे अस्फुट होत जाते. ‘द थर्टीनाइन स्टेप्स’ (१९३५) मध्ये निरपराध माणूस पोलीस व हेर या दोहोंपासून पळत असतो. सामान्य माणूस असामान्य संकटात सापडणे, हे सूत्र पुढे या प्रकाराचा कणाच बनले.

काळोखाचे दशक : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत निर्माण झालेल्या गुन्हेगारीपटांच्या एका गटाला फ्रेंच समीक्षकांनी १९४६ पासून ‘फिल्म न्वार’ (शब्दशः ‘काळा चित्रपट’) असे संबोधले. बिली वाइल्डरचा ‘डबल इन्डेम्निटी’ (१९४४) हे त्याचे ठळक उदाहरण होय. त्यात विमा-एजंट आपल्या गुन्ह्याची कबुली आरंभीच देतो. काय घडले हे ठाऊक असूनही त्याचा सर्वनाश कसा झाला, याविषयीची उत्सुकता टिकून राहते. जर्मनीतून स्थलांतरित झालेल्या कलावंतांनी छायाप्रकाशाचे तीव्र विरोध अमेरिकेत आणले. १९३४ पासून काटेकोरपणे अंमलात आलेल्या ‘प्रॉडक्शन कोड’ या आचारसंहितेनुसार गुन्हेगाराला शासन होणे आवश्यक होते. या बंधनाचा परिणाम असा झाला, की अटळ अधःपात हाच या चित्रपटांचा विषय ठरला.

मनाकडे वळण : १९५० नंतरच्या दशकात हिचकॉकची प्रतिभा परिपक्व झाली. ‘रिअर विंडो’ (१९५४) मधील जायबंदी छायाचित्रकार खिडकीतून शेजाऱ्यांवर पाळत ठेवतो आणि त्याच्याबरोबर प्रेक्षकही चोरून पाहण्याच्या सुखात सहभागी होतो. फ्रान्समध्ये आंरी-जॉर्ज क्लूझो (१९०७–७७) याने ‘द वेजिस ऑफ फिअर’ (१९५३) मध्ये नायट्रोग्लिसरीन वाहून नेणाऱ्या दोन मालमोटारींच्या प्रवासातून दारिद्र्य व भय यांचे कठोर चित्र रेखाटले.

‘सायको’ (१९६०) या चित्रपटाने थरारपटाचे जुने संकेत मोडले. ज्या नायिकेच्या दृष्टीने कथा चालू असते, तिचाच खून चित्रपट अर्ध्यावर येण्यापूर्वी होतो व प्रेक्षक आधारहीन होतो. खुनी म्हणजे परका दरोडेखोर नसून एका साध्या पथिकाश्रमाचा लाजराबुजरा चालक असतो. प्रारंभानंतर कोणालाही चित्रपटगृहात प्रवेश देऊ नये, असा दंडक हिचकॉकने घातला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये मायकल पॉवेलच्या ‘पीपिंग टॉम’वर कठोर टीका झाली. कॅमेऱ्याने खून टिपणाऱ्या त्याच्या नायकामुळे पाहण्याची क्रियाच संशयास्पद ठरत होती. कालांतराने त्या चित्रपटाला अभिजात म्हणून मान्यता मिळाली.

राज्यसंस्थेचे भय : १९६० नंतरच्या राजकीय हत्या, व्हिएटनाम युद्ध व वॉटरगेट प्रकरण (१९७२–७४) यांमुळे पाश्चात्त्य समाजाचा शासनावरील विश्वास ढासळला. कॉस्ता गाव्हरास याच्या ‘झेड’ (१९६९) मध्ये १९६३ साली ग्रीसमध्ये झालेल्या लोकप्रतिनिधी लांब्राकिस याच्या हत्येचा शोध आहे. फ्रान्सिस फोर्ड कोपोलाच्या ‘द कॉन्व्हर्सेशन’ (१९७४) मधील ध्वनितज्ञ चोरून मुद्रित केलेले एकच वाक्य पुनःपुन्हा ऐकतो. वाक्यातील आघात कोणत्या शब्दावर आहे, यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो आणि नेमकी तेथेच त्याची गफलत होते. अशा चित्रपटांत नायकाने सत्य शोधले, तरी ते सांगावे कोणाला हा प्रश्न उरतो. याच सुमारास स्टीव्हन स्पीलबर्गच्या ‘जॉज’ने (१९७५) वेगळी दिशा दाखविली. यांत्रिक शार्क वारंवार बिघडल्याने तो पडद्यावर कमी वेळ दाखवावा लागला. परंतु न दिसणारे संकटच अधिक परिणामकारक ठरले.

कथनातील प्रयोग : ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’ (१९९१) या चित्रपटाला ऑस्करची पाचही प्रमुख पारितोषिके लाभली व थरारपटाला प्रतिष्ठा मिळाली. ‘द यूझ्वल सस्पेक्ट्स’ (१९९५) मध्ये निवेदकच प्रेक्षकाला फसवतो, तर क्रिस्टोफर नोलनच्या ‘मेमेंटो’ (२०००) मध्ये स्मृतिदोष जडलेल्या नायकाची कथा बव्हंशी उलट क्रमाने येते. हिचकॉकचा प्रेक्षक पात्रापेक्षा अधिक जाणत होता. या चित्रपटांतील प्रेक्षकाला आपल्याला जे ठाऊक आहे त्याचाही भरवसा वाटत नाही. दक्षिण कोरियातील बाँग जून-हो याच्या ‘मेमरीज ऑफ मर्डर’ (२००३) मध्ये १९८६–९१ या काळातील हत्यासत्राचा तपास असून खुनी अखेरपर्यंत सापडत नाही. शेवटी तपास अधिकारी थेट प्रेक्षकांकडे रोखून पाहतो. प्रत्यक्षातील गुन्हेगाराची ओळख २०१९ मध्ये पटली.

भारतीय थरारपट : हिंदी चित्रपटात गीतांची परंपरा असल्यामुळे उत्कंठेचा ताण सैल होतो, असा आक्षेप पुष्कळदा घेतला जातो. तथापि कुशल दिग्दर्शकांनी गीतालाच रहस्याचे साधन बनविले. कमाल अमरोही यांच्या ‘महल’ (१९४९) मध्ये लता मंगेशकर यांच्या स्वरातील गीत हीच अदृश्य स्त्रीची चाहूल ठरते. राज खोसला (१९२५–९१) यांनी ‘वह कौन थी’ (१९६४) मध्ये मदनमोहन यांच्या संगीताचा असाच उपयोग केला. गुरुदत्त यांचा ‘बाजी’ (१९५१) व खोसला यांचा ‘सी. आय. डी.’ (१९५६) यांत मुंबई महानगरातील जुगारअड्डे, रात्रीचे रस्ते व दुहेरी जीवन जगणारे प्रतिष्ठित आढळतात. विजय आनंद यांच्या ‘ज्वेल थीफ’ने (१९६७) तोतयेगिरीचा खेळ रंगविला. गीतविरहित प्रयोगही झाले, उदा., तमिळमधील ‘अंद नाळ’ (१९५४) तसेच हिंदीतील ‘कानून’ (१९६०) व ‘इत्तेफाक’ (१९६९). पुढे ‘परिंदा’ (१९८९) व ‘सत्या’ (१९९८) यांनी मुंबईच्या गुन्हेगारी जगाचे अधिक वास्तव दर्शन घडविले.

मराठी थरारपट : बाबूराव अर्नाळकर यांच्या झुंजार, काळापहाड इ. नायकांच्या रहस्यकथांना महाराष्ट्रात अफाट वाचकवर्ग लाभला. त्या मानाने मराठीत थरारपट थोडेच निघाले. त्यांत राजा परांजपे (१९१०–७९) यांचा ‘पाठलाग’ (१९६४) अग्रगण्य होय. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर तो आधारलेला असून काशिनाथ घाणेकर व भावना यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. पत्नीच्या मृत्यूने खचलेल्या वकिलापुढे तिच्याच रूपाची एक आरोपी स्त्री येऊन आपण त्याची पत्नी असल्याचा दावा करते. धोका येथे शस्त्राचा नसून स्वतःच्या स्मृतीवरील व प्रेमावरील विश्वास डळमळण्याचा आहे. यावरून खोसला यांनी ‘मेरा साया’ (१९६६) हा हिंदी चित्रपट निर्माण केला. वसंत जोगळेकर यांच्या ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) मध्ये भुताच्या भयामागील मानवी कारस्थान उघड होते. चंद्रकांत कुलकर्णी यांच्या ‘बिनधास्त’ (१९९९) या चित्रपटात जवळजवळ सर्व पात्रे स्त्रियाच असून त्याचे तमिळ रूपांतरही झाले.

अलीकडील प्रवाह : जीतू जोसेफ यांच्या ‘दृश्यम’ या मलयाळम् चित्रपटाची (२०१३) अनेक भाषांत रूपांतरे झाली. हिंदी रूपांतराचे (२०१५) दिग्दर्शन ‘डोंबिवली फास्ट’ या मराठी चित्रपटाचे दिग्दर्शक निशिकांत कामत (१९७०–२०२०) यांनी केले. त्यातील अल्पशिक्षित नायक चित्रपट पाहूनच पुरावा कसा रचावा हे शिकलेला असतो. त्याने पोलिसांच्या हाती लागू नये, असे प्रेक्षकाला वाटते. म्हणजेच प्रेक्षक गुन्हा लपविण्यात सामील होतो. श्रीराम राघवन यांच्या पुण्यात घडणाऱ्या ‘अंधाधुन’ (२०१८) मध्ये आंधळ्याचे सोंग घेतलेला वादक खुनाचा साक्षीदार बनतो. पाहिले तरी ते कबूल करता येत नाही, हा त्याचा पेच आहे.

महाजालावरील प्रसारणामुळे २०१० नंतर अनेक भागांच्या थरारमालिका लोकप्रिय झाल्या आणि फयादच्या मालिकापटांची पद्धत नव्या रूपात परतली. पाळत ठेवण्याचे साधन एकेकाळी हेराकडे असे. आता ते प्रत्येकाच्या खिशात आहे. ‘सर्चिंग’ (२०१८) या चित्रपटाची जवळजवळ सारी कथा संगणक व भ्रमणध्वनी यांच्या पडद्यांवर घडते. एकाकी घराच्या दाराबाहेर उभा असलेला धोका अशा रीतीने घरात, मनात, शासनात आणि अखेर हातातील उपकरणात येऊन पोहोचला आहे. ‘द लोनली व्हिला’मध्ये दूरध्वनी सुटकेचे साधन होता, आजच्या थरारपटात संकटाची वर्दी त्याच्यावरच येते.