लष्करी छावण्यांतील मलनिस्सारण व्यवस्थेचे हस्तांतरण : स्वरूप, अनुभव आणि प्रश्न

प्रस्तावना :

स्वातंत्र्योत्तर काळात भारतातील लष्करी छावण्यांचा अभ्यास प्रामुख्याने इतिहास, संरक्षणनीती आणि जमीनधारणा या अंगांनी झाला. छावणीच्या जमिनीखाली असलेल्या गटारवाहिन्यांकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष गेले नाही. २०२३ पासून केंद्र शासनाने छावण्यांतील नागरी वस्ती वगळून ती शेजारच्या नगरपालिका व महानगरपालिकांत विलीन करण्याचे धोरण अंगीकारले. त्यामुळे या दुर्लक्षित व्यवस्थेची मालकी, तिची किंमत आणि तिच्या देखभालीची जबाबदारी हे प्रश्न पुढे आले आहेत. अमेरिकेने हेच प्रश्न खासगी उपयुक्तता कंपन्यांकडे मालकी देऊन, तर ब्रिटनने दीर्घ मुदतीच्या सेवाकराराद्वारे सोडविण्याचा प्रयत्न केला. प्रस्तुत लेखात या तिन्ही मार्गांचे स्वरूप स्पष्ट करून महाराष्ट्राच्या संदर्भात त्यांचा विचार केला आहे. नवा मालक खासगी असावा की सार्वजनिक, या वादापेक्षा हस्तांतरणाच्या वेळी कोणत्या गोष्टी कागदावर नोंदविल्या जातात हा प्रश्न अधिक मूलभूत आहे, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र होय.

छावणीतील स्वच्छता व्यवस्थेची पार्श्वभूमी :

१८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर पुणे परिसरात इंग्रजांची छावणी स्थिरावली. १८२१ मध्ये नागपूरजवळ कन्हान नदीकाठी कामठीची छावणी उभी राहिली. आरंभीच्या या छावण्यांत रोगराईने मरणारे सैनिक रणांगणावर पडणाऱ्या सैनिकांपेक्षा अधिक होते. भारतातील लष्कराच्या आरोग्यस्थितीचा अभ्यास करण्यासाठी १८५९ मध्ये एक शाही आयोग नेमण्यात आला. त्याच्या कामात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा मोठा वाटा होता. १८६३ च्या अहवालात ब्रिटिश सैनिकांचा मृत्युदर दरहजारी ६९ असल्याचे नमूद झाले. दूषित पाणी, सांडपाण्याचा निचरा नसणे आणि दाटीची वस्ती ही त्याची प्रमुख कारणे ठरली. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८६४ मध्ये, छावण्यांसाठी कायदा झाला. छावणीतील स्वच्छतेची व्यवस्था ही मुळात सैनिकांच्या आरोग्यासाठी जन्मास आली. बाजारपेठेतील नागरिक त्या व्यवस्थेत पुढे सामावले गेले. तिच्या आजच्या रचनेतही हा इतिहास दिसतो.

दुहेरी कारभार :

महाराष्ट्रात पुणे, खडकी, देहू रोड, देवळाली, कामठी, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे छावण्या आहेत. यांपैकी शेवटची मराठवाड्यातील एकमेव छावणी होय. छावणीच्या हद्दीत दोन यंत्रणा काम करतात. बराकी, लष्करी निवासस्थाने व कार्यालये यांचा पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण १९२३ मध्ये स्थापन झालेली मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस ही संस्था पाहते. बाजार व नागरी वस्तीतील गटारे, शौचालये आणि साफसफाई यांची जबाबदारी कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे, म्हणजेच कटक मंडळाकडे, असते. छावणी कायदा २००६ नुसार या मंडळाचे अध्यक्षपद स्थानिक लष्करी अधिकाऱ्याकडे आणि कार्यकारी प्रमुखपद संरक्षण मालमत्ता सेवेतील अधिकाऱ्याकडे असते. लोकनियुक्त व नामनिर्देशित सदस्यांची संख्या समान ठेवण्यात आली आहे.

कारभार दुहेरी असला तरी सांडपाणी एकाच नियमाने वाहते, तो म्हणजे जमिनीच्या उताराचा. पुणे छावणीतून वाहणारा भैरोबा नाला लष्करी भाग, नागरी भाग आणि महापालिकेची हद्द असा भेद जाणत नाही. घरातील जोडणी, गल्लीतील वाहिनी, मुख्य वाहिनी, आवश्यक तेथे उदंचन केंद्र आणि अखेरीस मैलाशुद्धीकरण केंद्र अशी ही साखळी असते. यातील एक कडी एकाच्या व दुसरी कडी दुसऱ्याच्या मालकीची झाली, तर मधल्या सांध्याचा मालक कोण, हा प्रश्न उभा राहतो.

अमेरिकेतील मार्ग : मालकीचे खासगीकरण :

अमेरिकेत १९९७ मध्ये झालेल्या कायदेशीर तरतुदीनुसार लष्करी तळांवरील वीज, वायू, पाणी आणि सांडपाणी या व्यवस्थांची मालकी नगरपालिका, सहकारी संस्था वा खासगी कंपनी यांच्याकडे देण्याचा अधिकार संरक्षण यंत्रणेस मिळाला. मालकी देण्यापूर्वी दीर्घकालीन आर्थिक लाभ खर्चापेक्षा अधिक असल्याचे दाखविणे बंधनकारक करण्यात आले. सेवाकराराची मुदत ५० वर्षांपर्यंत असू शकते. या पद्धतीत वाहिन्या, पंप व शुद्धीकरण केंद्रे कंपनीच्या मालकीची होतात. जमीन मात्र सामान्यतः शासनाकडेच राहते व कंपनीस तेथे वावरण्याचा हक्क मिळतो. २००४ मध्ये टेक्सासमधील फोर्ट ब्लिस आणि २००८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील फोर्ट ब्रॅग येथील पाणी व सांडपाणी व्यवस्था अमेरिकन स्टेट्स वॉटर या कंपनीच्या उपकंपन्यांकडे प्रत्येकी ५० वर्षांसाठी गेल्या.

यामागील तर्क समजण्यासारखा आहे. लष्कराच्या अंदाजपत्रकात शस्त्रसामग्री आणि गटार यांची स्पर्धा झाली की गटार मागे पडते. दुरुस्ती वर्षानुवर्षे लांबणीवर पडून व्यवस्था जर्जर होते. मालकी कंपनीकडे गेल्यावर नूतनीकरणाचा खर्च कराराचा भाग बनतो, त्यामुळे तो टाळता येत नाही.

तथापि अमेरिकी संसदेच्या अखत्यारीतील गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने २००५ च्या अहवालात दोन गंभीर आक्षेप नोंदविले. पहिला आक्षेप तुलनेच्या पद्धतीविषयी होता. खासगीकरण झाले नसते तर शासनाने प्रत्यक्षात जो खर्च केला असता, त्याऐवजी शासनाने जो करायला हवा होता असा खर्च हिशेबात धरला गेला. त्यामुळे बचतीचे चित्र वास्तव राहिले नाही. दुसरा आक्षेप मालकीसंबंधी होता. एकदा मालकी कायमची दिली की करारातील बदल वा नूतनीकरणाच्या वेळी कंपनीचे पारडे जड होते. तळाखालील वाहिन्या कंपनीच्याच असल्याने दुसरा पुरवठादार शोधणे जवळजवळ अशक्य होते.

ब्रिटनमधील मार्ग : जबाबदारीचे हस्तांतरण :

ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने ‘ॲक्वाट्रीन’ या प्रकल्पाद्वारे आपल्या तळांवरील पाणी व सांडपाणी सेवांचे देशभरात तीन गट पाडले आणि २००३ व २००४ मध्ये ते खासगी पुरवठादारांकडे २५ वर्षांसाठी सोपविले. यात भर मालकीपेक्षा सेवेची जबाबदारी आणि पर्यावरणविषयक जोखीम सोपविण्यावर होता. मुदतीचा शेवट ठरलेला असल्याने मुदत संपताना व्यवस्था कोणत्या स्थितीत परत मिळावी हे आधीच ठरवावे लागते. अमेरिकी पद्धतीत हा प्रश्न पन्नास वर्षे पुढे ढकलला जातो.

भारतातील मार्ग : विनामूल्य हस्तांतरण :

भारतात खासगी कंपनीला मालकी देण्याचा मार्ग अवलंबिलेला नाही. येथे नागरी भागाचे छावणीतून वगळणे आणि त्याचबरोबर नागरी सुविधांचे हस्तांतरण असा मार्ग स्वीकारण्यात आला. एप्रिल २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशातील योल ही छावणी रद्द झाली व तेथील नागरी भाग वगळण्यात आला. त्यापूर्वी देशात ६२ छावण्या होत्या. मार्च २०२४ मध्ये देवळालीसह काही छावण्यांतील नागरी भाग वगळण्याच्या प्रारूप अधिसूचना निघाल्या. २०२४ च्या मध्यास जाहीर झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नागरी सुविधांसाठी असलेल्या मालमत्ता राज्य शासनाकडे वा स्थानिक संस्थेकडे विनामूल्य जातात, कटक मंडळाची मालमत्तेसोबतची दायित्वेही स्थानिक संस्थेकडे जातात आणि जेथे लागू असेल तेथे भूमीचा हक्क केंद्राकडेच राहतो. उरलेला लष्करी भाग ‘लष्करी ठाणे’ म्हणून मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसच्या देखभालीखाली राहतो.

या धोरणामागे आर्थिक कारणेही आहेत. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर कटक मंडळांचे प्रवेशशुल्कासारखे उत्पन्नाचे मार्ग बंद झाले. दुसरीकडे लोकप्रतिनिधित्वाची बाजूही दुबळी झाली. ३० एप्रिल २०२३ रोजी होऊ घातलेल्या ५७ कटक मंडळांच्या निवडणुका मार्च २०२३ मध्ये रद्द करण्यात आल्या. परिणामी ज्यांच्या घराखालील गटारांचा मालक बदलावयाचा होता, त्या रहिवाशांचे निर्वाचित प्रतिनिधी मंडळात नव्हते.

‘विनामूल्य’ या शब्दाचा अर्थ येथे तपासून पाहणे आवश्यक ठरते. जुन्या गटारवाहिनीचे मूल्य शून्य नसते. पुष्कळदा ते ऋण असते. ती स्वीकारणारी संस्था वाहिनीबरोबरच तिच्या न झालेल्या दुरुस्त्या, पावसाळ्यात फुटक्या सांध्यांतून शिरणारे पाणी आणि प्रदूषण नियंत्रणाच्या कायदेशीर जबाबदाऱ्याही स्वीकारते. अमेरिकी पद्धतीत हे सर्व किमतीत उतरते, म्हणून त्यावर वाद होतो व लेखापरीक्षणही होते. विनामूल्य हस्तांतरणात किंमतच लिहिली जात नसल्याने दायित्व अदृश्य राहते आणि काही वर्षांनी महापालिकेच्या अंदाजपत्रकात प्रकट होते.

सीमेवरील सांडपाण्याचा हिशेब :

दुसरा प्रश्न वर उल्लेखिलेल्या सांध्याचा आहे. सांडपाण्यासाठी मोजमापक बसविण्याची प्रथा आपल्याकडे विरळ असून पुरविलेल्या पाण्याच्या सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी म्हणून बाहेर पडते असे गृहीत धरले जाते. भुयारी गटार असलेल्या शहरात दरडोई दररोज १३५ लिटर पाणी हे प्रमाण मानले, तर उदाहरणादाखल ५०,००० लोकवस्तीस ६७.५ लाख लिटर पाणी लागेल आणि त्यातून ५४ लाख लिटर सांडपाणी निर्माण होईल. लष्करी ठाण्याची लोकसंख्या मात्र स्थिर नसते. तुकड्यांच्या हालचालींनुसार ती घटते वा वाढते. अशा ठाण्याचे सांडपाणी महापालिकेच्या वाहिनीत सोडावयाचे असेल, तर आकारणी प्रत्यक्ष प्रवाहावर करावी की राखून ठेवलेल्या क्षमतेवर, हे आधी ठरले पाहिजे. ते न ठरल्यास कमी प्रवाहाच्या काळात केंद्राचा स्थिर खर्च शहरातील करदात्यांवर पडतो. संरक्षणविषयक गोपनीयतेमुळे ठाण्यातील लोकसंख्येचे आकडे मिळणे कठीण असते. म्हणून हद्दीवरील मुख्य वाहिनीवर प्रवाहमापक बसविणे हाच व्यवहार्य उपाय ठरतो.

महाराष्ट्रातील खासगी सहभागाचे दोन अनुभव :

छावणीच्या बाहेर राज्यात खासगी सहभागाचे प्रयोग झाले आहेत. औरंगाबाद शहराचा पाणीपुरवठा ‘समांतर’ जलवाहिनी योजनेअंतर्गत २०१४ मध्ये खासगी कंपनीकडे गेला व २०१६ मध्ये महापालिकेने करार रद्द केला. दर, कामाची गती आणि उत्तरदायित्व यांबाबतचा अविश्वास त्यामागे होता. याउलट नागपुरात भांडेवाडी येथे प्रक्रिया केलेले सांडपाणी महानिर्मितीच्या औष्णिक वीज केंद्रासाठी वापरले जाऊ लागले. तेथे शुद्ध केलेल्या पाण्यास निश्चित ग्राहक होता, म्हणून व्यवहारास आर्थिक आधार मिळाला. जानेवारी २०१६ च्या वीजदर धोरणाने मैलाशुद्धीकरण केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक केंद्रांना असे पाणी वापरणे बंधनकारक केले. पाण्याअभावी २०१३ व २०१५ मध्ये परळीचे औष्णिक केंद्र बंद ठेवावे लागले होते. घाटनांदूर परिसरातील वाचकास या तरतुदीचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही.

या दोन अनुभवांतून नियामकाची उणीव ध्यानात येते. २००५ च्या कायद्याने स्थापन झालेले महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण घाऊक पाण्याचे दर ठरविते. घरोघरच्या मलनिस्सारण सेवेचा दर व दर्जा ठरविणारी तशी स्वतंत्र यंत्रणा राज्यात नाही. अशा स्थितीत मालक खासगी असो वा सार्वजनिक, ग्राहकाची तक्रार अखेर त्याच मालकाकडे जाते.

मानवी बाजू :

हस्तांतरणाच्या चर्चेत वाहिन्यांची मोजदाद होते. त्यात उतरणाऱ्या माणसांची होत नाही. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटारात माणूस उतरविण्यास बंदी घातली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई निश्चित केली. यंत्रणा एका संस्थेकडून दुसरीकडे जात असताना सफाई कामगारांची सेवा, निवृत्तिवेतन आणि सुरक्षेची जबाबदारी कोणाची, हे कराराच्या पहिल्या पानावर असावयास हवे. मधल्या काळात कंत्राटी कामगार नेमण्याचा मोह बळावतो आणि अपघात घडल्यास दोन्ही संस्था एकमेकींकडे बोट दाखवितात.

निष्कर्ष :

१. मालकी हस्तांतरण म्हणजे दायित्वाचे हस्तांतरण होय. म्हणून हस्तांतरणापूर्वी वाहिन्यांचे नकाशे, वय, व्यास व स्थिती यांची संयुक्त पाहणी होऊन ती प्रसिद्ध व्हावी.

२. विनामूल्य हस्तांतरणातही न झालेल्या दुरुस्तीचा अंदाजित खर्च लिखित स्वरूपात नोंदवावा आणि त्याच्या वाटणीचे सूत्र केंद्र, राज्य व स्थानिक संस्था यांनी ठरवावे.

३. लष्करी ठाणे व शहर यांच्या सीमेवर प्रवाहमापन करून दीर्घ मुदतीचा सेवाकरार करावा.

४. खासगी सहभाग घ्यावयाचा झाल्यास ब्रिटिश पद्धतीप्रमाणे मुदत व परतीच्या अटी निश्चित असाव्यात. कायमची मालकी देण्यात अमेरिकी लेखापरीक्षकांनी दाखविलेला धोका लक्षात घ्यावा.

५. मलनिस्सारण सेवेचा दर व दर्जा पाहणारी स्वतंत्र नियामक यंत्रणा राज्यात निर्माण व्हावी.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशाच्या शहरी भागात दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होते, तर स्थापित शुद्धीकरण क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर आहे. छावण्यांचा यातील वाटा अल्प आहे. तथापि एकाच शासनाच्या दोन अंगांमधील हा व्यवहार नीट नोंदविला गेला, तर नगरपालिकांच्या विलीनीकरणापासून औद्योगिक वसाहतींच्या हस्तांतरणापर्यंत तो मार्गदर्शक ठरेल. तसे न झाल्यास मालकाचे नाव बदलेल आणि सांडपाणी मात्र पूर्वीप्रमाणेच प्रक्रियेविना मुळा, दारणा व कन्हान नद्यांना मिळत राहील.